दोघांच्या मध्ये

लहान मुलाला शिकवायला निघालेला मोठा माणूस बहुधा त्याच्या समोर बसतो. हा रंग कोणता, गाय कशी हंबरते, पाचानंतर काय येतं, काकांना गाणं म्हणून दाखव पाहू. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि त्याला ते ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असतं. अशा बोलण्यात दोघांनी मिळून शोधण्यासारखं काही नसतं. एक परीक्षा घेतो, दुसरा देतो. तोच माणूस मुलाच्या शेजारी जाऊन बसला, दोघांच्या मध्ये चित्रांचं पुस्तक उघडलं, ओल्या मातीचा गोळा ठेवला किंवा मेथीची जुडी सोडली, की सगळं बदलतं. दोघांची नजर एकमेकांवरून उठून त्या वस्तूवर जाते. मूल आपणहून बोलू लागतं, कारण आता बोलावं असं काही समोर असतं. आणि मोठा माणूसही, मुलाच्या नजरेमागोमाग जात, कितीतरी दिवसांनी एखादी गोष्ट नीट पाहतो.

बालशिक्षणाचा सगळा गाभा मला या मांडणीत दिसतो. नऊ-दहा महिन्यांचं बाळ आईच्या नजरेचा माग काढू लागतं, ती पाहते तिकडे पाहतं. थोड्याच दिवसांत बोट दाखवून आपल्याला दिसलेलं तिलाही पाहायला लावतं. भाषा त्यानंतर येते. शब्दाला अर्थ यायचा तर दोन माणसांनी आधी एका गोष्टीकडे मिळून पाहिलेलं असावं लागतं. पुढची पाच-सहा वर्षं आपण मुलासाठी जे काही चांगलं करतो, ते या मिळून पाहण्याचाच विस्तार असतो. चित्रपुस्तक, हस्तकला आणि स्वयंपाक या तिन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो: एक वाचनाची तयारी, दुसरी करमणूक, तिसरी घरकाम. मला त्या एकाच जातीच्या वाटतात. मात्र तिघींचा धडा वेगळा आहे, आणि तो एकीचा दुसरीला देता येत नाही.

चित्रपुस्तकाची गोष्ट युरोपातल्या एका होरपळलेल्या काळातून येते. यान आमोस कोमेनियस हा मोराव्हियातला धर्मोपदेशक आणि शिक्षक. तीस वर्षांच्या युद्धात त्याचा देश सुटला, प्लेगमध्ये बायको आणि दोन मुलं गेली, आणि १६५६ साली पोलंडमधल्या लेश्नो गावाला लागलेल्या आगीत कित्येक वर्षांची हस्तलिखितं जळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्गला त्याचं ‘ऑर्बिस पिक्टस’ छापलं गेलं. मुलांसाठी चित्रांतून मांडलेलं हे जग होतं: दीडशेच्या आसपास लाकडी ठशांची चित्रं, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि त्याच आकड्यांनी खालच्या लॅटिन आणि जर्मन वाक्यांशी घातलेली सांगड. सुरुवातीला अक्षरं आहेत, ती प्राण्यांच्या आवाजातून येतात. कावळ्याच्या ओरडण्यातून पहिला स्वर. पुढे ढग आहेत, पक्षी आहेत, भाकरी भाजण्याचं आणि स्वयंपाकघराचंही पान आहे. आधी जे इंद्रियांना भेटलं नाही ते बुद्धीत शिरत नाही, अशी या माणसाची श्रद्धा होती. ज्याच्यापुढे जग इतक्या वेळा मोडलं, त्याने ते मुलांपुढे पुन्हा एकेक वस्तू करून मांडावं, यात मला शिक्षणाइतकीच करुणाही दिसते.

पण चित्र इंद्रियांना भेटतं ते वस्तू म्हणून नव्हे, हे मुलाला शिकावं लागतं. ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या बाळांपुढे वस्तूंचे हुबेहूब रंगीत फोटो असलेली पुस्तकं ठेवली. बाळांनी ते फोटो चाचपले, काहींनी तर पानावरची वस्तू चिमटीत धरून उचलायचा प्रयत्न केला. आयव्हरी कोस्टमधल्या, चित्रपुस्तकं न पाहिलेल्या बाळांनीही तेच केलं. दीड वर्षाच्या पुढची मुलं मात्र चित्र पकडत नव्हती, त्याच्याकडे बोट दाखवत होती. पकडणाऱ्या हाताचं दाखवणारं बोट होणं ही माणसाच्या बुद्धीची फार मोठी मजल आहे. हे केळं सोलता येत नाही, खाता येत नाही, तरी ते केळंच आहे, हे ज्याला उमगलं त्याला पुढे ‘केळं’ ही दोन अक्षरंही केळ्याच्या जागी उभी राहू शकतात हे उमगणार असतं. वाचनाची सुरुवात मुळाक्षरांच्या तक्त्याच्या खूप आधी झालेली असते.

ही मजल मूल एकट्याने मारत नाही. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ मध्ये एका आईचं आणि तिच्या बाळाचं चित्रं पाहणं महिनोन्महिने टिपून मांडलं. त्यांना त्यात एक ठरलेला फेरा सापडला. आई आधी लक्ष वेधते, मग हे काय असं विचारते, मग नाव सांगते, आणि बाळाने काहीही प्रतिसाद दिला तरी तो उत्तर म्हणून झेलते. बाळ हसलं, हात हलवला, नुसता हुंकार दिला, तरी त्याची पाळी झाली असं ती धरते. जसजसं बाळ बोलू लागतं तसतशी तिची अपेक्षा वाढते. काल चाललेला हुंकार आज चालत नाही. आजी मांडीवर नातवंडाला घेऊन दिनदर्शिकेवरचा मोर दाखवते तेव्हा हाच फेरा चाललेला असतो, आणि तिने तो कुठल्याही प्रशिक्षणात शिकलेला नसतो.

म्हणून चित्रपुस्तक वाचून संपवायचं नसतं. मुलाने पान मागे उलटलं तर मागे जावं. त्याच पुस्तकाचा हट्ट आठवडाभर चालला तरी चालू द्यावा, कारण गोष्ट ठाऊक झाल्यावरच त्याला चित्राच्या कडेचं मांजर दिसू लागतं. मजकूर जे सांगत नाही ते चित्राने सांगावं आणि दोन्ही जे सांगत नाहीत ते मुलाने सांगावं, एवढी जागा चांगल्या पुस्तकात असते. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ यांसारख्या पुस्तकांत ती जागा फार समजुतीने राखली आहे. लिहिणारा आणि चित्रं काढणारा हात एकच असल्याने तिथे शब्द चित्राच्या वाटेत येत नाहीत. त्यातली घरं आपली घरं आहेत. आपल्या घरासारखं घर पुस्तकात असू शकतं, हे तीन वर्षांच्या मुलाला कळणं ही साधी गोष्ट नाही. आपलं जगणं पाहण्याजोगं, सांगण्याजोगं आहे ही खात्री त्याला तिथून मिळते. कातकरी, वारली, कोरकू मुलाला ती खात्री देणारी पुस्तकं आजही थोडीच आहेत, आणि ही उणीव मला मुळाक्षरं उशिरा येण्याच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

चित्रातला डोंगर कधी ढासळत नाही. मातीचा ढासळतो. इथे दुसरा धडा सुरू होतो.

जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल अशी साधनं त्यांनी ठरावीक क्रमाने मुलांच्या हाती दिली. जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, मातीकाम असे उद्योग ठेवले. खेळ हे बालपणाचं सर्वांत गंभीर काम आहे, अशी त्यांची धारणा होती. पण पुढच्या पिढीतल्या अनेक अनुयायांनी त्या साधनांचं कर्मकांड केलं. सगळ्या मुलांनी एकाच वेळी तीच घडी घालायची, त्याच ठिपक्यांत सुई टोचायची. हा धोका अजून टळलेला नाही. छापील आंब्याच्या आत पतंगी कागदाचे बोळे चिकटवलेले तीस सारखे कागद बालवर्गाच्या भिंतीवर लागतात, आणि संमेलनापूर्वी बाईंना त्यातले निम्मे स्वतःच पुरे करावे लागतात. तिथे मुलाने काय केलं? बोळे केले. आंबा कुणा दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवला होता.

मातीचं, कागदाचं, दोऱ्याचं मोल वेगळं आहे. त्यांना स्वतःचं म्हणणं असतं. ओला कागद फाटतो, कोरडी माती भेगाळते, जाड पुठ्ठा दुमडायला नकार देतो. मोठ्या माणसाचा नकार मूल रडून परतवू शकतं. मातीपुढे रडून काही होत नाही, पाणी कमी करावं लागतं. जगाला नियम आहेत आणि ते कुणाच्या लहरीवर चालत नाहीत, हे विज्ञानाचं पहिलं पाऊल मूल हातांनी टाकतं. महाराष्ट्रात याची भव्य शाळा दर दिवाळीत अंगणात भरते. किल्ला करताना आत दगडविटांचा भराव हवा, नुसती माती खचते. चिखल सैल झाला तर बुरूज उतरतो. कड्याचा उतार राखला नाही तर मावळे उभे राहत नाहीत. वर हिरवळ हवी तर हळीव किंवा मोहरी काही दिवस आधी पेरावी लागते. दहा-बारा वर्षांची मुलं रचना ठरवतात, चार वर्षांचं पोर तांब्याने पाणी आणतं आणि चिखल थोपटतं. आज जे मदतीने करता येतं ते उद्या एकट्याला करता येईल, हे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचं म्हणणं त्या चिखलात डोळ्यांनी पाहायला मिळतं. आता बाजारात तयार किल्ले मिळतात. ते सुबक असतात, त्यांना भेगा जात नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडून शिकण्यासारखं फारसं काही उरत नाही.

साधन महाग असलं की शिक्षण चांगलं, हा समज महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी मोडून काढला. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांचं काम गरिबांच्या मुलांसाठीच होतं. पण त्यांची अचूक मापांची लाकडी साधनं जगभर पोहोचली ती बरीचशी सुखवस्तू घरांत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे मोजायला चिंचोके आणि शिंपले आले, वर्गीकरणाला पानं आणि बिया, आकारांना खडे. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. या दोघींनी साधनं स्वस्त केली हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी केली. मुलाच्या हाताशी आधीच असलेल्या वस्तूला त्यांनी ज्ञानाची प्रतिष्ठा दिली. रोज पायाखाली येणारी शिंपली मांडून पाहण्याजोगी आहे, हे मुलाला शिक्षिकेच्या नजरेतून कळलं.

तिसरा धडा चुलीपाशी आहे आणि तो सर्वांत कठोर आहे. चित्राचं पान मागे उलटता येतं, ढासळलेली माती पुन्हा कालवता येते, पण भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा काढावी तशी एक शाळा काढली. तिथे मुलगे आणि मुली दोघंही स्वयंपाक करत. ‘द स्कूल अँड सोसायटी’ या १८९९ च्या पुस्तकात त्यांनी त्या स्वयंपाकाचा एक प्रसंग नोंदवला आहे. इतके प्रयोग कशाला, सरळ पाककृती घेऊन तसं करू या की, असं एका मुलाने म्हटलं. त्यावर पाककृती मुळात येते कुठून, असा प्रश्न शिक्षिकेने मुलांपुढे ठेवला. नुसती कृती पाळली तर आपण जे करतो ते का करतो हे कळणार नाही, असं मुलांनाच दिसलं. मग अंडं कमी-अधिक तापलेल्या पाण्यात ठेवून पांढऱ्या बलकाचं काय होतं ते त्यांनी तपासलं. ड्यूईंना स्वयंपाकी घडवायचे नव्हते. समाज ज्या कामांवर उभा आहे ती कामं शाळेच्या दाराबाहेर ठेवली तर शाळेतलं ज्ञान पोकळ होतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या नई तालीमनेही उत्पादक हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवलं, आणि सेवाग्रामला स्वयंपाकघर हेही शिकण्याचं ठिकाण ठरलं.

आपल्या घरांत या शाळेचा अभ्यासक्रम तयारच आहे. वालाचं बिरडं घ्या. आदल्या दिवशी कडधान्य भिजतं आणि फुगतं. मग फडक्यात बांधून ठेवलं की मोड येतात. मग कोमट पाण्यात घालून सोलायला बसावं. बोटांच्या चिमटीत दाबलं की डाळिंबी सालातून निसटून बाहेर उडी मारते. तीन वर्षांच्या बोटांना याहून चांगला व्यायाम आणि याहून मोठी गंमत मला माहीत नाही. पण खरा धडा त्या दोन-अडीच दिवसांत आहे. ‘उद्या’ म्हणजे काय हे लहान मुलाला सांगून कळत नाही. फडकं सोडून पाहिल्यावर कालच्या दाण्याला आलेला मोड दिसतो, तेव्हा कळतं. घाई केली तर मोड येत नाहीत, विसरून गेलं तर वास येतो. वाट पाहणं ही निष्क्रिय गोष्ट नाही, वाट पाहत असतानाही काहीतरी घडत असतं, हे मूल तिथे पाहतं.

कणकेचा गोळा हातात आला की दुसरंच काही सुरू होतं. तोच गोळा दाबून चपटा केला तर चार वर्षांच्या मुलाला तो जास्त वाटतो. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी पाण्याच्या उंच आणि पसरट भांड्यांतून नेमकी हीच समजूत तपासली होती. आकार बदलला तरी मात्रा तेवढीच राहते, ही जाण साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. तिला घाईने पुढे ओढण्यात अर्थ नाही. लाटी वळावी, चपटी करावी, पुन्हा गोळा करावा, त्याची चिमणी करावी, एवढंच पुरे. समजूत आपल्या वेळेने येईल, पण ती येण्यासाठी हातांपाशी असा साठा हवा. मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे निघाले ही मोजणी असते, मेथी निवडताना पान वेगळं आणि जाड देठ वेगळं हे वर्गीकरण असतं. भोंडल्याची खिरापत ओळखताना गोड की तिखट, ओली की कोरडी असं विचारत शक्यता कमी करत जाणं हे तर्कशास्त्रच आहे.

आणि या सगळ्याच्या शेवटी कुणीतरी जेवणार असतं. हे मला स्वयंपाकाचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं. भिंतीवरच्या चित्राचं कौतुक होतं, मग ते उतरवलं जातं. मुलाने मळलेल्या कणकेची वेडीवाकडी पोळी मात्र आजोबा खातात, त्यांचं पोट भरतं. तिथे ‘शाब्बास’ म्हणायची गरजही उरत नाही. आपण केलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे कळल्यावर मूल ज्या ताठ मानेने ताटापाशी बसतं, ती मान बक्षिसाच्या चांदणीने येत नाही.

इथे एक भेद नीट राखायला हवा. आपल्या समाजात कितीतरी मुली सातव्या-आठव्या वर्षी चुलीपाशी असतात आणि त्यांना तिथे शिकायला कुणी बसवलेलं नसतं. धाकट्याला सांभाळणं, भात टाकणं, पाणी भरणं हे त्यांच्यावर येऊन पडलेलं असतं, त्याच वेळी त्यांच्या भावापुढे पुस्तक असतं. शिक्षण आणि राबणं यांतली सीमा माझ्या मते अशी: मूल कंटाळलं तर उठून जाऊ शकतं का, आणि ते उठून गेलं तरी घरचं जेवण होतं का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर ते शिकणं आहे. आणि ते शिकणं मुलग्याला तितकंच मिळायला हवं. पाच वर्षांचा मुलगा बाबांच्या शेजारी बसून लसूण सोलतो तेव्हा तो जे पाहतो, ते समानतेवरच्या पुढच्या कुठल्याही धड्याहून खोल जाईल.

घरोघरी हे करायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. पहाटे ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या आईला मुलाच्या गतीने मेथी निवडत बसा असं सांगणं निर्दय आहे. म्हणून ही गोष्ट केवळ पालकांच्या हौसेवर सोडता येत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातलं एक मेळघाटातलं धारणी होतं. आज गावोगावी अंगणवाडी आहे, आणि अनेक ठिकाणी तिथे या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली येतात: मुलं असतात, चित्रं असतात, मदतनीस ताई खिचडी शिजवत असते. तरी खिचडी हा आहार राहतो आणि शिक्षण भिंतीवरच्या तक्त्यावर राहतं. डाळ-तांदूळ मोजून घेताना चार मुलांनी वाट्या मोजल्या, मटार सोलले, कोथिंबीर हुंगली, तर अभ्यासक्रमाला कुठेही तडा जाणार नाही. चित्रपुस्तकं कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला येतील अशी खाली ठेवली आणि ती फाटली तरी ताईंना जाब विचारला नाही, तर ती वाचली जातील. यासाठी ताईंवरचा नोंदवह्यांचा आणि मोबाइलमधल्या माहितीचा भार हलका करावा लागेल, कारण मुलाच्या शेजारी बसायला लागणारा वेळ तिथेच खर्च होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ ही वर्षं शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केली. पाया मान्य केला म्हणजे त्यावर काम करणाऱ्या बाईचा वेळ आणि मोबदलाही मान्य करायला हवा.

आणि ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांना साधनांच्या याद्या नकोत. मुलाबरोबर जे करायचं ते मोठ्या माणसालाही थोडं तरी करावंसं वाटलं पाहिजे. कंटाळलेल्या आवाजात वाचलेली गोष्ट, फोनकडे पाहत वळलेली लाटी मुलाला लगेच ओळखू येते, कारण मधल्या वस्तूवर आता एकाचीच नजर उरलेली असते. ज्याला मातीकाम आवडत नाही त्याने पुस्तक घ्यावं, ज्याला पुस्तकात गोडी नाही त्याने पोळपाट घ्यावा. मुलाला काय शिकवायचं हे ठरवण्याआधी आपल्याला त्याच्यासोबत काय पाहायला आणि काय करायला आवडेल, हे ठरवावं. मूल आपली आवड उचलतं, आणि आवडीच्या पाठोपाठ ज्ञान येतं.